विहिरीचा आकडा

माझी बायको कडूबाई विहिरीत बुडाली, तेव्हा मी विहिरीवर लोखंडी झाकण बसवलं. काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजणारं यंत्र आतच राहिलं. कॉम्प्युटरवर आकडा येईना, नुसता एरर यायचा.

"तूच बिघडवलंस," मी पुतण्या रणधीरला म्हणालो. "नवं गळ्यात मारायचंय व्हय?"

"यंत्र चांगलंय, काका. आकडा लई मोठा हाय, रकान्यात मावत न्हाय."

त्यानं रकाना मोठा केला.

दोन हजार फूट. आमची विहीर साठ फुटांची.

मग आकडा उतरायला लागला. साठ. दहा. शून्य. पुन्हा एरर.

"आता काय?"

"शून्याखालचा आकडा रकाना घेत न्हाय. म्हंजे... काठाच्याबी वर आलंय."

बाहेर झाकण सरकलं.

रणधीर दाराला कडी लावायला उठला. मी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे उघडं."