दानिशच्या नावाचे रोट

दानिशनं पाकीट कामिनीच्या टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"राजीनामा?" तिनं न उघडताच विचारलं.

"दहा दिवस झाले, मॅडम. एक शेतकरी तयार नाही झाला."

जळगावच्या वार्षिक विक्री मेळाव्यात यानंच स्टेजवर चढून, डोक्यावरचा फेटा सावरत, महिन्यात शंभर एकरांवर ठिबक बसवीन असं कबूल केलं होतं. धुळ्याची सगळी टीम तेव्हा खुर्च्यांवर उभी राहून नाचली. आता फेटे कपाटावर पडले होते. कोपऱ्यातून सहकारी तोताराम रोज विचारायचा, "काय शंभरवाले, एक तरी?" आणि कामिनीच्या मोबाइलवर सकाळपासून हेड ऑफिसचा निरोप होता : मेळाव्याचा जोर टिकवायला काय करताय, कळवा.

दानिश गेला तर टिकवायला उरणार तरी काय होतं?

तेवढ्यात ऑर्डरी लिहिणाऱ्या कुंदाबाईंनी टेबलावर डबा ठेवला. रविवारी त्यांच्या घरी कानबाई देवी बसली होती, काल विसर्जन झालं. डब्यात तिच्या नैवेद्याचे रोट होते, जाडजूड, तुपानं चकाकणारे.

"हाई धर." पहिला रोट त्यांनी दानिशपुढे केला.

त्याचा हात पुढे येईना. "मावशी, हे तर फक्त भाऊबंदच खातात ना?"

"हां मंग! घरना माणूसमांगे सव्वा शेर गहू मोजतस. यंदा तुना नावना बी मोजेल शेतस."

"आणि माझ्या नावाचे?" तोताराम कोपऱ्यातून.

"तुना तीन वरीसपासून शेतस. गप खाय." त्या दानिशकडे वळल्या. "तुना नऊ रोट व्हयनात. पौर्णिमापर्यंत बठ्ठा संपाडना पडतीन. तेबी आठेच बसीसन."

कामिनीनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "मावशी, पौर्णिमा शनिवारी आहे. सगळे इथेच बसून संपवायचे, तर आज धरून पाचच दिवस."

"मंग दोन्ही टाइम येई. सकाय एक, संध्याकाय एक. मधमा गावे फिर म्हणा."

दानिशनं उभ्यानंच रोट मोडला. बराच वेळ चावत राहिला. मग तुपाचा हात रुमालाला पुसून मोटरसायकलची चावी उचलली.

"पारोळ्याकडे जाऊन येतो," तो डब्याकडे बघत म्हणाला.

कामिनीनं पाकीट डब्याखाली सरकवलं आणि हेड ऑफिसला उत्तर लिहिलं : शनिवारपर्यंत, रोज सकाळ-संध्याकाळ एक रोट.