मास्तरांची शेरवानी

मार्तंड मास्तरांची शेरवानी भुजंगला काखेत काचत होती आणि रुमी टोपी कपाळावर घसरत होती. समोर पोरं चिडीचूप बसली होती. आज त्याला ‘भुजंगकाका’ म्हणायचं नाही, ‘मास्तर’ म्हणायचं, असं त्यांना पढवून ठेवलं होतं.

खरे मास्तर निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडे, उमरखेडच्या कॅम्पात गेले होते. मुआयन्याच्या, म्हणजे शाळातपासणीच्या दिवशी ते गैरहजर दिसले असते, तर सरकारी पगार बंद झाला असता आणि त्यांच्या बायकोच्या, कावेरीवहिनींच्या दारात पोलीस उभे राहिले असते. म्हणून गावाने भजनी भुजंगला पुढे केलं. त्याला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. जाण्याआधी मास्तरांनी त्याच्याकडून पहिला धडा घोकून घेतला होता.

शाळा तपासणारे मोहतमीमसाहेब चुडावा स्टेशनवरून बैलगाडीने आले. एकटेच आले.

“साहेब, संगं शिपाई न्हाई?” किशनराव पाटलांनी विचारलं.

“आजारी आहे.”

साहेबांनी खुर्ची स्वतःच रुमालाने झटकली आणि मग बसले. त्यांच्या शेरवानीच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. माणूस मोजून मापून बोलत होता, आणि भुजंगला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. पोरांनी पाढे म्हटले. साहेबांनी मान हलवली.

“मास्तर, आता उर्दूचा धडा वाचा.”

भुजंगने भजनाची वही उघडावी तसं पुस्तक उघडलं आणि सुरात सुटला. अर्धा धडा झाला असेल, तेवढ्यात पुढची पोरं एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. भुजंगने खाली पुस्तकाकडे पाहिलं. उर्दूचं पुस्तक उजवीकडून उघडतात, हे मास्तरांनी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. त्याने ते डावीकडून उघडलं होतं. तोंडात पहिला धडा होता आणि डोळ्यांपुढे शेवटचं पान.

आता थांबूनही उपयोग नव्हता. त्याने धडा शेवटपर्यंत म्हटला.

“छान वाचता,” साहेब म्हणाले.

मांजर उंदराला खेळवतं तसा हा आपल्याला खेळवतोय, असं भुजंगला वाटलं. साहेबांनी शाईची गादी काढली आणि हजेरीबुकावर शिक्का मारला. तो असा नेटका उठला की एक ठिपका इकडेतिकडे गेला नाही. “शेरा कचेरीत गेल्यावर होईल,” एवढंच बोलून ते उठले.

कचेरीत काय होणार, हे भुजंगला दिसत होतं. तो गाडीमागे धावला. गावाबाहेर ओढ्याशी त्याने गाडी गाठली, साहेबांना खाली उतरवून बाजूला नेलं आणि त्यांचे पायच धरले.

“साहेब, तुमी वळखलंच असंल. मी मास्तर न्हाई. काय सजा द्यायची ती मला द्या, पर पगार तोडू नगा. वहिनींच्या दारात पोलीस आले तर त्या बाईचे लय हाल हुतील.”

“मी कसं वळखणार?”

“पुस्तक उलटं उघडलं की म्या!”

साहेबांनी गाडीवानाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“उलटं व्हतं व्हय? मला कुठं वाचता येतंय, बाबा. मी शिपाई हाय, आश्रुबा. साहेबबी तिकडंच, कॅम्पात गेलेत.”