दुसऱ्या रांगेतली वेणी

फुलं वाहायला म्हणून पुढे केलेला फिलोमिनाचा हात तसाच राहिला. हारामागचा चेहरा तिचा स्वतःचा होता.

सभागृहाच्या दारात भलाथोरला फ्लेक्स उभा केला होता. वर ‘आदरांजली’, खाली वर्गातल्या गेलेल्यांचे चेहरे, प्रत्येकाला काळी चौकट. वरच्या ओळीत ही बाई, विशीतली, कपाळावर ठसठशीत टिकली लावून. फिलोमिनाने जन्मात कधी टिकली लावली नव्हती. फोटोखाली नाव होतं, पद्मजा मेनन.

पद्मजा होस्टेलात तिच्या खोलीत राहायची. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच बिचारी तापाने गेली. पण त्याहून मोठा धक्का पुढेच होता. सकाळपासून अख्ख्या वर्गाने या फोटोला फुलं वाहिली होती आणि मग आत येऊन तिला ‘कशी आहेस?’ म्हणून विचारलं होतं. एकालाही संशय आला नाही. आजारपणात फिलोमिनाचे केस गेले, नंतर आले ते आखूड आणि पांढरेशुभ्र. फोटोत तिला कुणी ओळखलं नाही हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण ही पद्मजा नाही, एवढंही कुणाला कळू नये?

मेळाव्याची सगळी धावपळ कुरुविलाच्या अंगावर होती. तिने त्याला चहाच्या टेबलापाशी गाठलं.

“कुरुविला, मला जिवंतपणी हार घातलास होय रे?”

तो हसला. मग फ्लेक्सकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि त्याच्या हातातलं केळ्याचं भजं बशीत पडलं.

“अय्यो! अगं, वर्गाच्या फोटोतून कापलाय. खाली नावं छापलीत, त्याच क्रमाने...”

“नावं आधी लिहून दिलेली. ऐन वेळी आम्ही दोघींनी जागा बदलल्या. तिला मेलीला कडेला उभं राहायचं नव्हतं.” तिचा आवाज चढला. “आणि ही टिकली कुणी लावली?”

“फ्लेक्सवाल्याने. मेनन बाईचं कपाळ मोकळं बरं दिसत नाही म्हणाला. मी म्हटलं, लाव बाबा.”

“तुला पद्मजाचा चेहरा आठवतो तरी का?”

“हसायची फार,” तो म्हणाला.

“उतरव तो फोटो. आत्ताच्या आत्ता.”

तो कात्री शोधायला पळाला. फिलोमिना वळली, तर फ्लेक्सपाशी एक बाई उभी. फोटोला गाल लावून मोबाइलवर स्वतःचा फोटो काढत होती आणि रडत होती.

“आंटी, तुम्ही आईच्या वर्गातल्या ना? मी श्रीजा. पद्मजाची मुलगी.”

फिलोमिना तिच्याकडे निरखून बघू लागली.

“आज पहिल्यांदा बघतेय हो आईला. ती गेली तेव्हा मी पाळण्यात. बाबांनी दुसरं लग्न केलं आणि तिचे फोटो घरातून गेले ते गेलेच. आजोळी मला कधी पाठवलं नाही. मोठी झाल्यावर माझी मी गेले, तर अल्बमचा पुरात लगदा झालेला.” तिने नाक पुसलं. “ही हनुवटी बघा, आंटी. माझीच आहे की नाही? घरात सगळे म्हणायचे, ही कार्टी कुणावरच गेली नाही.”

समोर पद्मजाच उभी होती. तेच रुंद कपाळ, पुढच्या दातांत तीच फट. हनुवटी तेवढी कुणाची होती कोण जाणे, फिलोमिनाची मात्र नव्हती.

फिलोमिनाने आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं. खोटं बोलणाऱ्याची ती गय करत नसे. ही पोर परक्या बाईचा चेहरा उराशी धरून घरी जाणार, हे तिला पटेना.

“मोळे, पोरी, इकडे ये. मूळ फोटो दाखवते तुला,” ती म्हणाली.

वर्गाचा फोटो आत भिंतीवर टांगला होता. फिलोमिनाची प्रत वाळवीने कधीच खाल्ली होती. चष्मा सारखा करून तिने दुसऱ्या रांगेवर बोट ठेवलं. कडेला ती स्वतः, आणि मधोमध, जिथे पद्मजा उभी राहिली होती...

बोट थांबलं. तिथे चेहराच नव्हता. नुसती एक जाड वेणी होती आणि तीत मोगऱ्याचा गजरा. फोटोग्राफर ‘रेडी’ म्हणाला तेव्हाच मागच्या रांगेतला कुणीतरी पोरगा काहीतरी बोलला होता आणि पद्मजा हसत मागे वळली होती. फिलोमिनाला ते आत्ता आठवलं.

“फिलोमिना, माणूस आलाय. उतरवतो गं फोटो,” कुरुविला कात्री घेऊन दारात उभा होता.

“राहू दे.”

“अगं, पण...”

“राहू दे म्हटलं ना!”

श्रीजाचं तिकडे लक्षही नव्हतं. कडेचा चेहरा तिला सापडला होता. खालचं आईचं नाव तिने मोठ्याने वाचलं आणि काचेवरून हात फिरवला. “टिकली पुसट झालीय इथे,” ती म्हणाली. मग तिने डोळे पुसले. “आणि तुम्ही कुठे आहात, आंटी?”

फिलोमिनाचं बोट अजून वेणीवरच होतं.

“ही मी.”

श्रीजाने वाकून पाहिलं. वेणीखाली फिलोमिनाचंच नाव छापलं होतं. रडता रडता तिला हसू आलं. दातांतली फट दिसली.

“अय्यो आंटी! सगळ्या वर्गाचा एवढा एकच फोटो, आणि त्यात तुमचं तोंडच नाही!”

“माझं काय,” फिलोमिना म्हणाली, “मी आहे ना समोर.”