खाणीकडची बस

"मॅडम, बसमधून जंगल दिसत नाही. जंगलाला बस दिसते," जीपवाला म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला.

मॅडम हसल्या नाहीत. अभयारण्याजवळच्या सर्वांत मोठ्या हॉटेलच्या त्या मॅनेजर होत्या. हंगामभर आपल्या पाहुण्यांना कोण फिरवणार, खासगी जीप की सरकारी बस, हे त्यांना ठरवायचं होतं. आज जीपमधून फेरी, उद्या बसमधून, परवा निकाल. "मला एवढंच बघायचंय, की या जंगलाची खरी माहिती कोणाला आहे," त्या म्हणाल्या आणि नाव नोंदवायला गेटच्या ऑफिसात गेल्या.

माहिती! जीपवाल्याने मिशीवर ताव दिला. अंगात चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, डोक्यावर तसलीच टोपी, गळ्यात भलीमोठी दुर्बीण. जनावरांनी आपल्याला वचकून असावं असा एकूण थाट. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे गृहस्थ फरशा विकत होते. पण आता या जंगलातलं पानन्‌पान आपल्याला ओळखतं, असं ते भेटेल त्याला ऐकवत. हे काम मात्र त्याला मिळायलाच हवं होतं. मिळालंच म्हणून समज, असं सांगून त्याने मेहुण्याला चांगली कायमची नोकरी सोडायला लावली होती आणि त्याच्यासाठी दुसरी जीप दारात आणून उभी केली होती. आता बायको रोज चहाबरोबर एकच प्रश्न पुढे ठेवी, "माझ्या भावाचं काय ठरलं?"

तेवढ्यात बस आली. खिडक्या खडखडत होत्या, मागून धूर निघत होता. आत पेन्शनर मंडळी, दोन शिक्षिका, एक लेकुरवाळं कुटुंब. ड्रायव्हर काका निवृत्तीला टेकलेले. रस्त्यात कोणी हात केला की गाडी थांबवणार, असा त्यांचा लौकिक. जीपवाल्याच्या कपाळावर आठी पडली. हा डबा पुढे लागला की दोन तास धूळ खायची, शिवाय त्याच्या आवाजाने सगळी जनावरं पसार. त्याने ऑफिसच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाजात साखर घोळली.

"काका, आज जुन्या खाणीकडून घ्या. पहाटे अस्वल बघितलंय मी तिथे. कोणाला सांगू नका हं."

"खरं म्हणता?" काकांचे डोळे लकाकले. "लोक बिचारे रोज विचारतात हो."

जुनी खाण म्हणजे उजाड दगडांचा ढिगारा. दोन वर्षांत एकही जीप तिकडे फिरकली नव्हती. तिथे कावळासुद्धा नसतो, हे न बघताच सगळ्या जीपवाल्यांना पाठ होतं. बस खाणीच्या वाटेला वळली. निवृत्तीला आलेल्या भोळ्या माणसाला बनवल्याचा आनंद या जंगलतज्ज्ञाला इतका झाला, की त्याने स्टिअरिंगवर ठेका धरला.

मॅडमना घेऊन तो तळ्यावर पोचला, तेव्हा तिथे अकरा जीपा आधीच उभ्या होत्या. सगळे तळ्यावर येतात, कारण सगळे तळ्यावर येतात. प्राण्यांचा पत्ता नसल्याने माणसं एकमेकांचे फोटो काढत होती. मग पुढे चार हरणं दिसली, तीही पळतानाची आणि मागून. एक माकड दिसलं, ते कोणाचं तरी बिस्कीट खात होतं. शेवटी जीपवाल्याने गाडी थांबवून वाळलेल्या शेणाचा एक गोळा काठीने उकरला आणि त्यावर दहा मिनिटं भाषण दिलं. मॅडमनी वहीत काहीतरी टिपलं. त्याला मेहुण्याचं तोंड आठवलं.

"आणखी कुठे काही दिसेल का?" मॅडमनी विचारलं.

"मला ठाऊक नाही अशी एक हालचाल या जंगलात होत नाही, मॅडम," तो छाती फुगवून म्हणाला. "आज मुळात काही बाहेरच पडलेलं नाही. वाराच उलटा आहे."

उलट्या वाऱ्याला दोष देत जीप गेटवर परतली. बस आधीच येऊन उभी होती आणि आत नुसता कल्ला चालला होता. लोक एकमेकांना मोबाइल दाखवत होते. जीप दिसताच काका धावत आले. त्यांनी जीपवाल्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"भाऊ, उपकार झाले तुमचे! अस्वल होतं हो, आणि पाठीवर दोन पिल्लं! मी इंजिन बंद केलं. अर्धा तास कोणी खोकलंसुद्धा नाही." मग ते मॅडमकडे वळले. "ताई, जंगलाची माहिती असावी तर या भाऊंसारखी. पहाटेच बघून ठेवलं होतं यांनी. आम्हाला बरोबर जागा सांगितली, स्वतः मात्र मागे राहिले. आजकाल कोण करतं एवढं?"

काकांच्या बोलण्यात तिळमात्र खोट नव्हती. मॅडमनी वही मिटली. जीपच्या दारावर ठेवलेला हात न काढता त्या जीपवाल्याकडे वळल्या.

"म्हणजे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं? पिल्लांसकट अस्वल बसला दिलंत, आणि मला दोन तास शेण दाखवत हिंडवलंत?"

"नाही हो मॅडम!" जीपवाला काकुळतीने ओरडला. बसमधले सगळे ऐकायला खिडक्यांशी आले. "आईशप्पथ सांगतो, मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं! मी आपली काकांना थाप मारली होती!"