लाथ नको, हात लाव

"लाथ नको, हात लाव," मोतीबाई टेबलावर पालथी पडता पडता म्हणाली.

हर्षलाला बरं वाटलं. कशेळ्यात फिजिओचा दवाखाना टाकून दोन वर्षं झाली, डिग्री भिंतीवर टांगलेली, तरी उसण भरलेली निम्मी माणसं येऊन तिचा पायच मागायची. हर्षला पायाळू ना! पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय लागला की उसण पळते, हे पंचक्रोशीला पाठ. लहानपणी आई, इंदूबाई, तिला अंगणात लोकांच्या कमरांवर नाचवायची. त्याचा वीट येऊनच ती हातांचं काम शिकली होती.

आणि लाथ नको म्हणणारी निघाली कोण? तर जिने तिला पाय धरून जगात ओढलं तीच सुईण. "स्वतः तीन दिवसांची ओली बाळंतीण, तरी पोर पोटाशी बांधून माझ्यासाठी पाड्यावरून धावत आली," असं आई मरेपर्यंत सांगायची. आईचं तेरावं झालं, आणि चौथ्या दिवशी मोतीबाई दारात.

"कुठं दुखतं, मावशी?"

"पाठीत. लय वर्सं झाली."

"आधी मी नुसतं चाचपडणार. गाठ सापडली की दाबून धरीन, कळ येईल. नको झालं की सांगायचं. उद्या अंग ठणकेल, परवा हलकं वाटेल."

"दाब. मी कायपण सोशीन."

पण गाठ सापडलीच नाही. पुढच्या मंगळवारी दुखणं खांद्यात गेलं, त्याच्या पुढच्या मंगळवारी गुडघ्यात. बोटांखालचं अंग लोण्यासारखं मऊ, आणि मोतीबाईच्या डोळ्यांना धार.

"दुखतंय का?"

"नाय गं. हात नको काढू."

काम झालं तरी ती शेवटच्या जीपपर्यंत बाकावर बसून हर्षलाकडे बघत राहायची. ती नजर मग घरीही यायला लागली. हर्षला भांडी घासत असली तरी पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटायचं. वळून बघावं तर कुणी नाही. छे, भलतंच!

एकदा तिने विचारलं, "मावशी, तुमचं बाळ?"

"पोर व्हती. गेली."

"कधी?"

"तू आलीस त्याच दिशी."

हर्षलाने मनातल्या मनात हिशेब मांडला. आपला वाढदिवस म्हणजे त्या पोरीच्या जाण्याचा दिवस. आपल्यासाठी धावताना हिची गेली. आता हिचं दुखणं घालवल्याशिवाय आपल्याला सुटका नाही, हे तिने मनाशी धरलं.

इकडे बाकावरची माणसं कुजबुजायला लागली. "मोतीबाईला फरक नाय, आमाला काय पडनार? त्यापरीस लाथ मार, बाय." दोन वर्षांची मेहनत हातातून निसटत होती. हातही साथ देईना. तिचा डावा हात दुपारनंतर मुंग्यांनी भरून यायचा. मानेत डाव्या बाजूला जन्मापासून एक जादा बरगडी होती, बोटभर, ती नस दाबायची. "घरात कुणाला आहे का?" असं डॉक्टरांनी विचारलं होतं. कुणालाच नव्हती. "पायाळूचं सगळंच येगळं," म्हणून आई हसली होती.

पाचव्या मंगळवारी हर्षलाचा संयम सुटला.

"आज सापडलं नाही तर पायच लावते. मग तर झालं?"

"तुझ्या पायानं काय व्हनार नाय."

"का? पायाळू आहे ना मी? तुम्हीच तर पाहिलंत!"

मोतीबाईने तोंड पलीकडे फिरवलं. हर्षला चिडून तिच्या मानेकडे वळली. मानेत तिने आजवर हात घातला नव्हता, तिथे दुखतं असं मोतीबाई कधी बोललीच नव्हती. गळ्याच्या डाव्या हाडाच्या वर बोट थांबलं. चिंचोक्याएवढा टणक उंचवटा. असा उंचवटा ती रोज सकाळी आरशासमोर दाबून बघायची, तिच्या स्वतःच्या मानेत.

"मावशी, ही बरगडी..."

मोतीबाईने तिचा हात तिथेच घट्ट धरून ठेवला.

"पायाळू व्हती ती मेली गं, बाय," ती म्हणाली. "माझी नुसती गेली. इंदूबाईच्या कुशीत."