तीन फूट बाहेर

घरात उजेड यावा म्हणून माणूस खिडकी बसवतो. मी जाऊबाईंचा उजेड जावा म्हणून बसवत होते. घराच्या वाटणीत 'आम्ही थोरले' म्हणत त्यांनी उन्हाची बाजू लाटली, त्याला अकरा वर्षं झाली. जुनी खिडकी उखडून भिंतीबाहेर येणारी, तीन बाजूंची बसवायची ठरवली. मिस्त्रींनी टेप लावला. "ताई, दोन फूट बाहेर काढली तर शेजारच्या वहिनींचा स्वयंपाकाचा ओटा अंधारात जाईल." "तीन काढा. त्यांच्या बाजूला काच नको, फळी ठोका." "मग ती खिडकी कसली?" "माझी." चौकट बसली, फटी भरल्या, जाऊबाईंच्या ओट्यावर सावली पसरली. मी चहा घेऊन खिडकीत आरडाओरड्याची वाट पाहत बसले. जाऊबाईंनी मिस्त्रींना बोलावलं. ते परतताच आनंद गिळत विचारलं, "काय म्हणाल्या?" "आणखी अर्धा फूट पुढे येईल का, विचारतायत. शेगडीपाशी अजूनही थोडं ऊन लागतं."