पेटीबाहेरचा नमुना

हरणीच्या वीटभट्टीवाल्या गुणवंतरावांना टक्कल आहे, म्हणून मृदुला आठ दिवस अडून बसली होती. शेवटी तिच्या वडिलांनी, नानांनी, दुसरं स्थळ बोलावलं. संस्थानच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर विलायतेत खनिजशास्त्र शिकून आलेले पद्माकरपंत लहरीपुऱ्यात नानांच्या घरी मुलगी पाहायला आले, ते दगडांची पेटी घेऊनच.

"नाव मृदुला ना? मग यातलं मऊ कोणतं न् कठीण कोणतं, ते ओळखून दाखवा."

मृदुलेने एकेक दगड नखाने ओरखडून पाहिला. शंखजिऱ्यावर चरा उठला, संगमरवरावर उठला नाही, आणि गारगोटीने तर कंदिलाच्या काचेवरच चरा पाडला. तिने सगळे दगड बिनचूक ओळीने लावले. तरी पंत तासभर समजावतच राहिले. समोरचा चहा गार झाला, नाना दोनदा पेंगले.

"आता शेवटचं," पंतांनी काळा फत्तर उचलला. "याच्यापेक्षा मऊ असं रोजच्या पाहण्यातलं काहीही सांगा."

मृदुलेने आधी पंतांकडे नीट पाहिलं, मग नानांकडे.

"दगडापेक्षा वीट मऊ, नाना."

"अगदी बरोबर!" पंतांनी खूश होऊन टाळीच वाजवली.



संध्याकाळी नाना होकार घेऊन हरणीला गेले.